शोकेसमधले परदेशी पक्षी

ठाण्याच्या नौपाड्यात, डोंबिवलीच्या टिळकनगरात किंवा कल्याणच्या टिळक चौकाच्या आसपास एखादी चाळीस-पन्नास वर्षांची इमारत पुनर्विकासाला गेली, की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूंचा एक क्रम ठरलेला असतो. आधी रद्दी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग सागवानी कपाटं आणि पलंग. शोकेसमधल्या वस्तूंची पाळी सर्वांत शेवटी येते, कारण त्यांना भाव नसतो. पितळ वितळवता येतं, काचेचाही पुन्हा रस करता येतो. चिनी माती मात्र एकदा भाजली की तिचं पुन्हा काहीच करता येत नाही. त्यामुळे भंगारवाला ती फुकट घ्यायलासुद्धा कुरकुरतो. मग फांदीवर बसलेला खंड्या, मान वळवलेला राजहंस, चोचीत चोच घातलेली पोपटांची जोडी यांची रवानगी राबिटाच्या ढिगाऱ्यात होते.

या पक्ष्यांकडे गंभीरपणे पाहावं असं मराठी संग्राहकांना फारसं वाटलेलं नाही. आपल्याकडे संग्रहाचा आदर्श म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, दरवाजे जमवले आणि १९७५ साली तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तो पाहताना लक्षात येतं, की मराठी घरात पक्षी कधीच कमी नव्हते. लामणदिव्याच्या साखळीवर मोर होता, वज्रीवर पोपटांची जोडी होती, अडकित्त्याचे दांडे पक्ष्यांच्या आकाराचे होते. हे पक्षी वस्तूला चिकटलेले होते आणि वस्तूला काम होतं. विसाव्या शतकात घरात एक नवा पक्षी आला. त्याला काहीच काम नव्हतं. काचेआड बसून दिसायचं, एवढंच. तो कुठून आला, कसा घडला आणि त्याच्या बुडावरच्या शिक्क्यावरून काय कळतं, हा या लेखाचा विषय आहे.

आधी शब्दाबद्दल. ज्याला युरोपीय भाषा पोर्सेलिन म्हणतात त्याला आपण चिनी माती म्हणतो, पण आपला शब्द बराच सैल आहे. लोणच्याची बरणी, कपबशी, वॉशबेसिन आणि शोकेसमधला हंस, सगळं आपल्या लेखी चिनी मातीच. वस्तुतः बरणी दगडी भाजणीची असते. ती जाड, अपारदर्शक आणि खापराच्या जवळची. तिच्यासाठी मराठीत 'मर्तबान' असाही शब्द आहे आणि तो ब्रह्मदेशातल्या मर्तबान या बंदराच्या नावावरून आला आहे. तिथून निघणाऱ्या रोगणी रांजणांनी बंदराचं नावच सोबत आणलं. खरं पोर्सेलिन याहून वेगळं. केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांचं मिश्रण साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सियसला भाजलं, की ते अर्धवट काचेसारखं होतं. पातळ भागामागे दिवा धरला तर उजेड आरपार दिसतो आणि नखाने वाजवलं तर घंटेसारखा नाद येतो. युरोपीय शब्दाचं मूळ इटालियन भाषेतल्या कवडीच्या नावात आहे. कवडीसारखी चकाकी म्हणून ते नाव पडलं. आपण देशावरून नाव ठेवलं, त्यांनी चकाकीवरून.

ही माती भाजण्याचं गुपित चीनमध्ये शतकानुशतकं माहीत होतं, युरोपला नव्हतं. त्यामुळे तिथल्या राजांना या मालाचं अक्षरशः वेड लागलं. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने १७१७ साली प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात चिनी मातीची १५१ भांडी घेतली. याच ऑगस्टसच्या कैदेत ब्योट्गर नावाचा किमयागार होता. त्याच्याकडून सोनं बनवून घ्यायचं होतं. त्याने १७०८-०९ च्या सुमारास पोर्सेलिन बनवून दाखवलं. राजाचा तोटा झाला नाही. १७१० साली माइसेनचा कारखाना निघाला आणि १७३१ मध्ये तिथे योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार रुजू झाला. ड्रेस्डेनच्या 'जपानी महाला'साठी राजाला जवळजवळ खऱ्या आकाराचे प्राणी-पक्षी हवे होते, तेही शेकड्यांनी. केंडलर राजाच्या प्राणिसंग्रहातले जिवंत आणि पेंढा भरलेले पक्षी समोर ठेवून काम करत असे. पोपट, काकाकुवा, हळद्या, बगळे असे अनेक पक्षी त्याने घडवले. चिनी कारागीर केंडलरच्या आधीच निळे-हिरवे पोपट युरोपला पाठवत होते, पण ते पोपटाची कल्पना होते. केंडलरचा पोपट हा अमुक एक पोपट होता. खाजवतोय, रागावलाय, फांदीवरून वाकून बघतोय. शोकेसमधल्या आपल्या स्वस्त पक्ष्याची वंशावळ इथे सुरू होते.

एक गोष्ट मात्र केंडलरलाही जमली नाही, आणि तिच्यामुळे पुढच्या तीनशे वर्षांतल्या सगळ्या पोर्सेलिन पक्ष्यांचं रूप ठरलं. मोठे प्राणी भट्टीत तडकत. आजही संग्रहालयात त्यांच्या अंगावर त्या मूळ भेगा दिसतात. माती भट्टीत आकसते, साधारण सात-आठ भागांतला एक भाग कमी होते, आणि सर्वांत जास्त तापमानाला ती किंचित मऊही पडते. अशा वेळी काडीसारख्या दोन पायांवर पक्ष्याचं अंग तोलून धरणं जवळपास अशक्य असतं. म्हणून पोर्सेलिनचा पक्षी बहुतेक वेळा झाडाच्या खुंटावर बसलेला असतो. त्या खुंटावर दोन पानं, एखादं फूल असतं, आणि आपल्याला वाटतं की ती सजावट आहे. खरं म्हणजे तो टेकू आहे. बगळा असेल तर त्याच्या पायांमागे लव्हाळ्याचा जुडगा उभा केलेला असतो. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात येणारा रोहित पक्षी पोर्सेलिनमध्ये करायचा तर त्याच्या पायांभोवती गवत उगवावंच लागेल. हंस, बदक आणि कोंबडी हे पक्षी शोकेसमध्ये जास्त का, याचंही उत्तर इथेच आहे. ते बसके आहेत.

घडवण्याची रीत साधी, पण वेळखाऊ. मूळ नमुन्यावरून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे साचे करतात. साच्यात दुधासारखी पातळ माती ओतली की प्लॅस्टर पाणी शोषून घेतं आणि आतल्या बाजूला मातीचा थर धरतो. उरलेली माती ओतून टाकली की पोकळ आकार मिळतो. अंग, पंख, चोच, पानं वेगवेगळी काढून त्याच पातळ मातीने चिकटवतात. आतली हवा कोंडली तर भट्टीत स्फोट होईल म्हणून बुडाला किंवा मागे एक छिद्र ठेवतात. त्यानंतर भाजणी, रोगण, पुन्हा भाजणी, आणि शेवटी रंग देऊन साधारण ८०० अंशांच्या आसपास तिसरी भाजणी. पिसांवरचा हा रंग रोगणाच्या वर असतो, म्हणून तो घासला जाऊ शकतो. हे पुढे साफसफाईच्या वेळी आठवावं लागेल.

पक्षीशास्त्राइतकी काटेकोर कामंही झाली. इंग्लंडच्या रॉयल वूस्टर कारखान्यासाठी डोरोथी डॉटी हिने १९३५ पासून अमेरिकन पक्ष्यांची मर्यादित प्रतींची मालिका केली. अमेरिकेत एडवर्ड मार्शल बोम याने १९५० नंतर न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये हेच काम केलं. १९७२ साली निक्सन पेकिंगला गेले तेव्हा माओंसाठी भेट म्हणून बोमच्या कारखान्यातली पोर्सेलिनच्या हंसांची जोडी नेली होती. पोर्सेलिन ज्या देशाने जगाला दिलं त्याच देशाला पोर्सेलिनचे पक्षी नजर करायचे, यातली गंमत कोणाच्या लक्षात आली होती की नाही कोण जाणे.

डोंबिवलीच्या शोकेसमध्ये डॉटीचा किंवा बोमचा पक्षी सापडण्याची आशा मात्र कोणी धरू नये. आपल्याकडचा पक्षी आला तो दुसऱ्या वाटेने, आणि ती वाट जपानमधल्या सेतो या गावातून जाते. सेतो हे इतकं जुनं कुंभारगाव, की जपानी भाषेत मातीच्या भांड्यांना 'सेतोमोनो', म्हणजे सेतोच्या वस्तू, असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धापर्यंत शोभेच्या स्वस्त पोर्सेलिनचा जगभरचा व्यापार प्रामुख्याने जर्मनीच्या हातात होता. थुरिंगियातल्या गावागावांत असे कारखाने होते, आणि त्यातल्या फोल्कश्टेटच्या कार्ल एन्सचे पक्षी आजही संग्राहक शोधत असतात. १९१४ ला युद्ध सुरू झालं, जर्मन माल बंद झाला आणि सेतोने ती जागा घेतली. साच्यातून काढलेल्या बाहुल्या, कुत्री, पक्षी बोटीच्या बोटी भरून निघाले. मुंबई बंदरातही दोन महायुद्धांमधल्या काळात जपानी मालाचा पूर आला होता. कापड, खेळणी, काचसामान आणि त्यातच कपबश्या आणि पक्षी. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातल्या काचसामानाच्या दुकानांतून तो माल लोकलने उपनगरांत पोचला.

इथे कोणी विचारेल, की स्वदेशीचं काय? मराठी माणसाने या क्षेत्रात काही केलंच नाही असं नाही. पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना काढला. सौराष्ट्रात थान, वांकानेर, मोरबी या भागात नाव मिळवलेली परशुराम पॉटरी ही गणपुळे या मराठी उद्योजकाची. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने विदर्भातल्या मातीचं काम कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या मार्गदर्शनाखाली वाढवलं. मुंबईच्या कला विद्यालयात जॉर्ज टेरी यांच्या काळात, १८७० च्या दशकात, रोगणी भांड्यांवर अजिंठ्याची चित्रं उतरवली जात होती. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहता येतात. पण आपल्या कारखान्यांचा ओढा उपयोगाच्या वस्तूंकडे होता. बरणी, कपबशी, नळ, विटा. नवा धंदा उभा करणाऱ्याने शोभेच्या पक्ष्यात भांडवल घालावं अशी अपेक्षा करणंही अन्यायाचंच होईल.

आता शोकेसकडे येऊ. चाळीतल्या खोलीत भिंतीतला कोनाडा आणि फळी असे. शोकेस आली ती 'सेल्फ कंटेन्ड ब्लॉक'बरोबर. मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत घर ही जीवनरीत रुजत गेली, तशी बाहेरच्या खोलीची एक भिंत पाहुण्यांसाठी राखून ठेवली गेली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे टीव्ही परवडू लागला, तेव्हा त्या भिंतीला केंद्र मिळालं. मधे टीव्ही, भोवती काचेची दारं, आत मुलांची बक्षिसं, संगमरवरी ताजमहाल, जपानी बाहुली आणि पक्षी. लग्नाच्या आहेरात आलेली बदकांची जोडी, रुखवतातून उरलेला मण्यांचा पोपट आणि आखातातून सुटीवर आलेल्या काकाने आणलेला चिनी मातीचा काकाकुवा एकाच फळीवर नांदत. स्वातंत्र्यानंतर चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले होते, म्हणून परदेशी पक्ष्याला किंमतीपेक्षा मान जास्त होता. जहाजावर किंवा आखातात कोणीतरी आहे, हे त्या पक्ष्यावरून पाहुण्याला न सांगता कळायचं.

दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायची मातीची चित्रं याच घरात येत होती. मावळा, वाघ, गवळण. कुंभाराकडची कच्ची भाजणी, चुन्याचा आणि साधा रंग. ती पुढच्या दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. त्यांच्याविषयी कोणाला हळहळ नव्हती, कारण पुढच्या वर्षी नवी येणारच होती. काचेआडच्या पक्ष्याला मात्र हात लावायची मुलांना बंदी होती. जी वस्तू आपल्या अंगणात घडत होती ती मोडायची, आणि जी आपण कधीच घडवू शकलो नसतो ती जपायची, असा हा हिशेब होता.

हे पक्षी कोणते, हेही घरात कोणाला माहीत नसे. केशरी छातीचा लहानसा पक्षी म्हणजे युरोपातला रॉबिन. आपण त्याला चिमणी म्हटलं. इंग्रज इथे आले तेव्हा त्यांनी उलटं केलं होतं. आपल्या दयाळात त्यांना मायदेशीचा रॉबिन आठवला आणि इंग्रजी नावात त्यांनी तो घुसवला. पिवळ्या पंखपट्ट्याचा गोल्डफिंच किंवा निळ्या टोपीचा टिट ठाण्याच्या झाडांवर दिसणारच नाही. अपवाद छोट्या खंड्याचा. पाठ निळी चमकदार, पोट तांबूस, चोच लांब. युरोपातल्या ओढ्यांवरचा आणि आपल्या खाडीकाठचा हा पक्षी एकाच जातीचा आहे. त्यामुळे जर्मन किंवा इंग्रज कारागिराने केलेला खंड्या घरात असेल, तर तो कल्याणच्या उल्हास नदीवर प्रत्यक्ष बसलेल्या खंड्याशी ताडून पाहता येतो. रंगकाम करणाऱ्याने पक्षी पाहून रंगवलाय की नुसता नमुना गिरवलाय, हे अशा वेळी कळतं. स्वस्त मालात डोळ्याचा ठिपका नेहमी थोडा सरकलेला असतो. मला तो सरकलेला डोळाच जास्त आवडतो. दिवसाला शेकडो डोळे काढणाऱ्या हाताचा तो पुरावा आहे.

पक्षी हातात आला की आधी उलटा करावा. बुडाला रोगण नसलेली खरखरीत कड आणि हवेचं छिद्र असेल तर तो भाजलेल्या मातीचा. बूड सपाट, त्यावर हिरवं किंवा काळं मखमली कापड आणि वजन जास्त वाटलं, तर तो बहुधा रेझिनचा आणि अलीकडचा. त्यानंतर शिक्का. नुसतं 'निप्पॉन' लिहिलं असेल तर साधारण १८९१ ते १९२१. 'जपान' असेल तर त्यानंतरचा. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर युद्धोत्तर अमेरिकी ताब्यातला, म्हणजे १९५२ च्या आतला. पण इथे सावध राहावं. संग्राहकांच्या पुस्तकांतून फिरणाऱ्या या तारखा अमेरिकेच्या आयात कायद्यांवरून ठरलेल्या आहेत. मुंबईसाठी भरलेल्या खोक्यांना तो कायदा लागू नव्हता, त्यामुळे आपल्याकडे बिनशिक्क्याचा किंवा फक्त कागदी लेबलाचा माल सर्रास असू शकतो, आणि कागद पहिल्याच धुण्यात जातो. जर्मन मालाचं जरा सोपं. 'वेस्ट जर्मनी' लिहिलं असेल तर तो १९४९ ते १९९० मधला, कारण त्याआधी आणि त्यानंतर त्या नावाचा देश नव्हता. 'मेड इन चायना' असेल तर बहुतेक वेळा तो १९८० नंतरच्या लाटेतला. १९८५ नंतर येन महागला, सेतोचा निर्यातधंदा बसला आणि तेच काम तैवानमार्गे चीनकडे गेलं. १ एप्रिल २००१ ला भारताने आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठवले आणि तोच माल स्टेशनबाहेरच्या दुकानात येऊन पडला. परदेशी पक्ष्याचा मान त्या एका वर्षात संपला म्हणायला हरकत नाही.

'बोन चायना' हा शिक्का असेल तर आणखी एक गोष्ट. हा प्रकार इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळला आणि त्यात जवळपास निम्मी भाजलेल्या हाडांची राख असते, मुख्यतः गुराढोरांच्या हाडांची. सोवळ्याओवळ्याच्या कितीतरी घरांत अशा मातीचे पक्षी देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर वर्षानुवर्षं सुखाने बसले असतील. शब्द इंग्रजीत होता, त्यामुळे कोणाचंच काही बिघडलं नाही.

जमवू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि तिथला शुक्रवार, पुण्यात जुना बाजार हे जुने पत्ते आहेत. पण माझ्या मते खरा संग्रह बाजारात नाही, पाडायला निघालेल्या इमारतींच्या माळ्यांवर आहे. बाजारात पक्षी मिळतो, त्याची हकिगत मिळत नाही. एक कायद्याचा मुद्दाही ध्यानात ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. 'निप्पॉन' शिक्क्याचे पक्षी आता या वयात आले आहेत. अमेरिकेतल्या मुलीच्या बॅगेत आजीचा पक्षी घालण्याआधी त्याचं बूड पाहिलेलं बरं.

बहुतेक पक्षी मोडतात ते दिवाळीच्या साफसफाईत. आधी चोच जाते, मग शेपटी. घरोघरी त्यावर फेविक्विक किंवा एम-सीलचा उपाय होतो. चिकटवलेलं आणि वरून रंगवलेलं दुरुस्तीकाम नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं की वेगळ्या रंगात उजळतं. विकत घेताना हा दिवा खिशात असावा. धुताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरावा, कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण घ्यावा, मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवावा. पितळ घासायची पावडर, चिंच, सोडा यांतलं काहीही लावू नये. रंग आणि सोनेरी कड रोगणाच्या वर असते, ती निघून येते. बुडाच्या छिद्रातून आत पाणी गेलं असेल तर पक्षी एक-दोन दिवस आडवा ठेवून निथळू द्यावा.

आणि घर रिकामं करताना एवढं करावं. प्रत्येक पक्ष्याचा एक फोटो समोरून, एक बुडाचा. कागदाच्या चिठ्ठीवर कोणी आणला, कुठून, कोणत्या साली किंवा कोणाच्या लग्नात, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून लिहावं आणि ती घडी करून छिद्रातून आत सरकवावी, किंवा पक्षी ज्या कापडात गुंडाळला त्यातच ठेवावी. लिहायला पेन्सिल घ्यावी, शाई ओलीने पसरते. चिठ्ठी चिकटपट्टीने अंगावर लावू नये. वर्षभराने ती काढताना पट्टीबरोबर पंखावरचा रंगही निघतो.